हलगी आधी, व्हायोलिन नंतर

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा पहिलाच ऐतिहासिक चित्रपट, विषय पावनखिंड. शेवटची लढाई जवळपास अकरा मिनिटांची. दिग्दर्शकांनी एडिटवर एका परदेशी युद्धपटाचं संगीत टाकून ठेवलंय आणि त्यांना ‘असंच, पण आपल्या मातीतलं’ हवंय. निर्मात्यांनी बुडापेस्टच्या ऑर्केस्ट्राचे तीन तास मंजूर केलेत. तुमचा बेत असा की आधी ऑर्केस्ट्रा लिहून वाजवून घ्यायचा आणि नंतर मुंबईत तुतारी, हलगी, संबळ त्यावर चढवायचे. तुम्ही विचारताय की हा मेळ बसेल का, आणि विशाळगडावरची तोफ ऐकू येते तिथे काय वाजवावं.

बसणार नाही. क्रम उलटा करा. आधी हलगी, तुतारी, संबळ. त्यानंतर लिहायला बसा. आणि बुडापेस्ट सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे, घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, आपटून शिकलो म्हणून सांगतोय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका ऐतिहासिक मालिकेचं बॅकग्राउंड मी अरेंज करत होतो. चाळीस व्हायोलिन-चेलोंचं रेकॉर्डिंग झालं, सगळे खूश. दोन दिवसांनी दोन तुतारीवाले आले. पहिली फुंक मारली आणि मी कंट्रोल रूममध्ये डोक्याला हात लावला. माझं संगीत होतं पेटीच्या काळी चार पट्टीत. एक तुतारी पांढरी सहाच्या थोडी वर, दुसरी त्याहूनही वेगळी. मी त्या भल्या माणसाला विचारलं, “दादा, जरा खाली होईल का?” तो तुतारीकडे बघून म्हणाला, “ही एवढीच बोलती साहेब. तुमचं ते होईल का जरा वर?” त्याचं बरोबर होतं. माझं ‘ते’ होणार नव्हतं, कारण त्याचे पैसे देऊन झाले होते. शेवटी तुतारी मशीनमध्ये ओढून-ताणून बसवली. आजही तो भाग लागला की मला ती तुतारी प्लॅस्टिकची वाटते.

तुतारी म्हणजे बिनछिद्रांची, बिनकळांची नळी. नळीच्या लांबीवर तिचा मूळ स्वर ठरतो आणि ओठांच्या ताणाने त्याच्या वरचे नैसर्गिक स्वर निघतात: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, आणि वाजवणारा दमाचा असेल तर आणखी एखाद-दोन. यातला पंचम ऑर्केस्ट्राच्या पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंटने चढा असतो (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरा), तो कानाला कळतही नाही. पण पाचव्या क्रमांकाचा स्वर, म्हणजे नैसर्गिक गंधार, पियानोच्या गंधारापेक्षा चौदा सेंट उतरलेला असतो आणि सातवा (कोमल निषादाजवळचा) तर एकतीस सेंट उतरलेला. म्हणजे तुतारी षड्ज-पंचमावर असेपर्यंत ऑर्केस्ट्राने खाली काहीही करावं. ती वर चढली की व्हायोलिनांनी तोच गंधार धरता कामा नये. एक तर त्यांना गंधार सोडायला लावा, नाहीतर उघड टक्कर होऊ द्या आणि ती टक्कर लढाईच्या कामी लावा. अर्धवट जुळलेलं मात्र नको, ते चुकल्यासारखंच ऐकू येतं.

तर पहिलं काम: ज्या तुताऱ्या वाजणार आहेत त्याच आणि तेच वादक एक दिवस बोलवा. दहा मिनिटं वाजू द्या, मग मोजा. थंड नळी आणि श्वासाने गरम झालेली नळी यांच्या स्वरात फरक पडतो, गरम झाली की स्वर चढतो. आल्या आल्या ट्यूनर लावून मोजणारे नेमके इथे फसतात. जो षड्ज निघेल तीच तुमच्या लढाईची पट्टी. तो दोन पट्ट्यांच्या मधेच अडकला तर वीस-तीस सेंटची दुरुस्ती मशीनमध्ये बेमालूम होते. त्यापुढे गेलात की स्वर बदलतो, पण त्यातला श्वास खोटा वाटायला लागतो.

ऑर्केस्ट्रात तुतारीची सख्खी बहीण म्हणजे हॉर्न. आजच्या हॉर्नला कळा असल्या तरी त्या न दाबता फक्त ओठांनी वाजवता येतो, मग तोही तुतारीसारखाच नैसर्गिक स्वरांवर बोलतो. बेंजामिन ब्रिटनने 1943 च्या आपल्या सेरेनेडमध्ये सुरुवातीचा आणि शेवटचा एकट्या हॉर्नचा तुकडा मुद्दाम असाच वाजवायला लावलाय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वादक बेसूर वाटतो. तुमच्या नोटेशनमध्ये चार हॉर्नना ‘कळा नकोत’ एवढं लिहा आणि तुतारीला उत्तर द्यायला लावा. खिंडीच्या एका बाजूने तुतारी, दुसऱ्या बाजूने तशीच रानटी हॉर्नांची हाक, असं झालं की ऑर्केस्ट्रा परदेशी वाटायचा थांबतो. मी हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा तिकडच्या हॉर्नवाल्यांनी आधी शंका काढली आणि मग पोरांसारखी मजा घेतली.

आता हलगी. हलगी कधीच ‘तयार’ अवस्थेत स्टुडिओत येत नाही. कातडं शेकल्याशिवाय ती बोलत नाही. शेकलं की ओल जाते, कातडं ताणतं, आवाज टणत्कारी होतो. गार झालं की हळूहळू उतरतो. जुलैतल्या मुंबईत तर दर दहा मिनिटांनी उतरतो. एका स्टुडिओत आम्ही कॉरिडॉरमध्ये जुनी वर्तमानपत्रं पेटवून हलग्या शेकत होतो, तर धुराचा भोंगा वाजून अख्खी इमारत खाली. तेव्हापासून मी घरचा छोटा हीटर घेऊन जातो. रूम हीटरसमोर हलगी फिरवत राहायची आणि हलगीवाल्याने बोटाने टिचकी मारून ‘आली’ म्हणेपर्यंत लाल दिवा लावायचा नाही. हे ‘आली’ तुम्हाला कळणार नाही, त्यालाच कळू द्या.

यातून कामाची एक गोष्ट निघते. दुसऱ्या टेकचा शेवट पाचव्या टेकच्या सुरुवातीला जोडता येत नाही, कारण मधे कातडं उतरलेलं असतं. व्हायोलिनांना जसे आपण चार-चार बार (आवर्तनं) पंच करतो, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून मधे जोडतो, तसं हलगीला करायला गेलात तर जोड उघडे पडतात. म्हणून पूर्ण प्रसंग सलग वाजवून घ्यायचा. तीन-चार पूर्ण टेक, प्रत्येकाआधी शेक. त्यातला एक अख्खा निवडायचा.

आणि क्लिक, म्हणजे हेडफोनमधली ठरावीक लयीची टिकटिक, देऊ नका. हा मुद्दा मी हात जोडून सांगतो. हलगीच्या कडकडाटाला स्वतःची चढण असते. वादक तापत जातो तशी लय तापते. कानात टिकटिक घातली की तोच माणूस बिचकत, मागे-पुढे बघत वाजवतो आणि आपण म्हणतो, ‘यांना स्टुडिओची सवय नाही.’ सवय आपल्याला नाही. त्यांना मोठ्या पडद्यावर प्रसंग दाखवा. कुठे शत्रू दिसतो, कुठे दोर तुटतो, कुठे माणूस पडतो ते एकदा तोंडी सांगा आणि वाजवू द्या. मग त्या टेकवर सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मॅप (कुठे लय किती, याचा नकाशा) काढा, प्रत्येक सम हाताने खुणावून. कंटाळवाणं काम आहे, अकरा मिनिटांना मला पूर्ण दिवस लागतो. पण आता तुमच्याकडे अशी क्लिक आहे जी हलगीबरोबर श्वास घेते, आणि तीच बुडापेस्टच्या वादकांच्या कानात जाते. ते लोक कसलीही वाकडीतिकडी क्लिक सरळ वाचतात, त्यांचं ते शिक्षणच आहे. ज्याला क्लिक झेपते त्याने न झेपणाऱ्याच्या मागे जायचं, एवढा साधा हिशोब.

जमलं तर कंडक्टरच्या आणि प्रत्येक सेक्शनच्या म्होरक्याच्या हेडफोनमध्ये हलगीही द्या. हलगी ऐकत वाजवणारा चेलो आपोआप आखूड, कोरडा गज मारतो. नुसत्या क्लिकवर वाजवणारा गुळगुळीत ओढतो. कागदावर कितीही खुणा करा, तो फरक येत नाही.

मुंबईत ही अडचण पूर्वी वेगळ्या तऱ्हेने सुटत असे. इथल्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात मोठा भरणा गोव्याच्या वादकांचा होता. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच स्वरलिपी शिकलेली ही मंडळी. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. त्यांच्यापुढे नोटेशन ठेवलं की काम सुरू. आणि त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी, ढोलकीवाला आणि संबळवाला कानाने वाजवायचे. सगळे एकत्र, एका टेकमध्ये. व्हायोलिनवाला ढोलकीकडे बघून गज उचलायचा. मेळ घालायचा वेगळा प्रश्नच नव्हता, कारण कुणी आधी-नंतर नव्हतं. मी या धंद्यात शिरलो तो अशाच एका वयस्कर गोवेकर अरेंजरचे पार्ट (एकेका वाद्याच्या नोटेशनचे कागद) उतरवून द्यायला. ते मला म्हणायचे, “तू स्कोअर नंतर लिही. आधी त्या संबळवाल्याच्या शेजारी बस.” तेव्हा मला वाटायचं, मला टाळतायत.

परत तुमच्या प्रसंगाकडे. बारा-तेरा जुलै 1660 ची रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, पन्हाळ्यावरून निसटणं, मसाई पठार, पाऊस, चिखल, पालखी. दिग्दर्शकांनी लावलेलं परदेशी संगीत मोठमोठ्या ढोलांच्या भिंतीचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या दृश्यात सतत पाऊस आहे. पाऊस हा सगळ्या पट्ट्यांत पसरलेला सरसरता आवाज, रीरेकॉर्डिंगमध्ये (सगळे आवाज एकत्र मिसळताना) तो झांजा खातो, व्हायोलिनचं बारीक थरथरणं खातो, तुणतुण्याची वरची झणझण खातो. त्यात तलवारींचा खणखणाट आणि हलगीचा कडाका साधारण एकाच पट्ट्यात, दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास, भांडतात. शब्दांतली व्यंजनंही तिथेच राहतात. म्हणून साउंड डिझायनरशी आत्ताच बसा, मिक्सच्या दिवशी नव्हे. खिंडीच्या मारामारीत कुठल्या तीस सेकंदांत तलवार बोलणार आणि कुठल्या तीस सेकंदांत हलगी, याची वाटणी कागदावर करा. दोघांनाही पूर्णवेळ बोलू दिलंत तर मिक्स करणारा शेवटी तुमचीच हलगी खाली करेल, आणि तो चुकीचा नसेल.

या पावसात टिकतं ते खालचं आणि कोरडं: नगाऱ्याचा गाभा, डबल बास, चेलो, हॉर्नचा मधला भाग, आणि माणसाचा आवाज. पालखीवाल्यांचा श्वास तुमच्याकडे फुकटचा ताल आहे. ओझं घेऊन पळणाऱ्या माणसांची पावलं फुटेजमध्ये मोजा. त्या पावलांच्या निम्म्या वेगावर बासची एकच तान धरलीत तर पळतीची पाच मिनिटं त्यावर निघतील. तिथे ढोल घालूच नका. लपून चाललेल्या माणसांच्या मागे ढोल कोण वाजवतं?

ढोलाचा विषय निघालाच आहे तर, दिग्दर्शक नक्की म्हणतील, ‘ढोल-ताशा हवा.’ पुण्याच्या पथकांचा ढोल-ताशा मला मनापासून आवडतो, पण तो प्रेक्षकाला विसर्जन मिरवणुकीत नेतो. पन्नास ढोलांचा तो ठरावीक ठेका लागला की खिंड जाते आणि लक्ष्मी रोड येतो. लढाईच्या संदर्भात नगारा घ्या, तोही मोठा आणि एकटा. कूच करायचा नगारा, नौबत, डंका, निशाण हे शब्दच सांगतात की ते वाद्य कशासाठी होतं: हुकूम पोचवायला. रायगडावर राजसभेच्या दाराशी नगारखाना आजही उभा आहे. तुतारी आणि शिंगही तसेच, निरोपाचे. ही वाद्यं त्या काळात ‘संगीत’ म्हणून वाजत नव्हती, ती बोलत होती. तुमच्या चित्रपटात त्यांना तसंच वागवा. तुतारी वाजली की पडद्यावर कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे. घोडा वळला पाहिजे, तुकडी थांबली पाहिजे. जिथे कुणी काही करत नाही तिथे तुतारी नको. एवढा एक नियम पाळलात तरी अर्ध्या ऐतिहासिक मालिकांपेक्षा तुमचं काम वेगळं दिसेल.

या विषयाचा माझ्या मते सगळ्यात चांगला धडा 1938 चा आहे. सर्गेई आयझेनस्टाईनचा ‘अलेक्झांडर नेव्हस्की’, संगीत सर्गेई प्रोकोफिएव्हचं. विषय 1242 ची, गोठलेल्या तलावावरची रशियन आणि ट्यूटॉनिक (जर्मन) सरदारांची लढाई. शूटिंग मात्र भर उन्हाळ्यात, खोट्या बर्फावर. प्रोकोफिएव्हपुढे तुमच्यासारखाच प्रश्न होता: शत्रूला तेराव्या शतकातलं खरं चर्चसंगीत द्यावं का? त्याने जुनं ऐकून पाहिलं आणि ठरवलं की आजच्या प्रेक्षकाला ते इतकं परकं वाटेल की परिणामच होणार नाही. मग त्याने स्वतःच तसं वाटणारं, थंड, चेपून टाकणारं लॅटिन समूहगान लिहिलं. रशियन बाजूला लोकगीताच्या घडणीच्या चाली दिल्या, त्याही स्वतःच्या. ‘अस्सल’ म्हणजे संग्रहातून उचललेलं असं त्याने मानलं नाही.

त्याची दुसरी करामत मला जास्त आवडते. हॉर्न-ट्रंपेटचं तोंड थेट मायक्रोफोनवर रोखून फुंकलं की आवाज फाटतो, तडतडतो. कुठलाही रेकॉर्डिस्ट तो टेक फेकून देईल. प्रोकोफिएव्हने तो फाटलेला आवाजच शत्रूच्या शिंगांना दिला, कारण रशियन कानाला ती शिंगं तशीच भेसूर वाटली असणार. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली, तरी आपण अजून तुतारी ‘क्लीन’ रेकॉर्ड करायच्या मागे असतो. शिवाय त्या चित्रपटात काही प्रसंगी संगीत आधी झालं आणि चित्र त्यावर कापलं गेलं. तुमच्या दिग्दर्शकांना हे जरूर सांगा. हलगीचा एखादा टेक अप्रतिम आला तर दोन मिनिटांची मारामारी त्यावर पुन्हा कापायला हरकत नाही. एडिटर कुरकुरतील. दिग्दर्शकांनी एकदा ऐकलं की तेच एडिटरला पटवतील.

तुतारी मी हल्ली स्टुडिओत घेतच नाही. गावाबाहेर, पहाटे, वाहनं सुरू व्हायच्या आधी, कड्याच्या किंवा टेकडीच्या समोर. एक माइक पाच पावलांवर, एक वीस पावलांवर, एक लांब. आवाजाला मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, पन्नास मीटरवरची तुतारी दीडशे मिलिसेकंद उशिरा पोचते, आणि कड्यावरून परतलेली त्याहून उशिरा. हे अंतर कुठल्याही रिव्हर्ब प्लगइनमध्ये (कृत्रिम घुमाव देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मिळत नाही. मागच्या वेळी तिसऱ्या टेकला एक टिटवी ओरडली. टेक तोच ठेवला. दृश्य पहाटेचं होतं.

पोवाड्याबद्दल तुम्ही लिहिलंय की बाजीप्रभू लढत असताना शाहिराचा पोवाडा सुरू करायचा विचार आहे. मी असतो तर केला नसता. पोवाडा म्हणजे झाल्या-गेल्याचं वर्तमान. अगिनदासाने अफजलखानाच्या वधावर पोवाडा रचला तो घटना घडल्यावर, तुळशीदासाने सिंहगडावर रचला तो तानाजी पडल्यावर. शाहीर डफावर थाप मारून उभा राहिला की ऐकणाऱ्याला कळतं, लढाई संपली आहे, कोण पडलं आणि कोण उरलं हे ठरलेलं आहे. अर्थात पावनखिंडीचा शेवट मराठी प्रेक्षकाला पाठच असतो. पण थिएटरच्या अंधारात तो अकरा मिनिटं विसरायची त्याची तयारी असते. त्याला विसरू द्या. पोवाडा चित्रपटाच्या तोंडाशी घाला, किंवा पार शेवटी; मधे नको.

आणि जिथे घालाल तिथे शाहिराच्या मागचा ऑर्केस्ट्रा काढा. डफ, तुणतुणं, झांज आणि ‘जी जी रं जी’ म्हणायला तीन झीलकरी, बस. शाहीर भर गळ्याने, चढ्या पट्टीत, शब्द चावून गातो. कथन करतो, थांबतो, पुन्हा चढतो. त्याच्या मागे स्ट्रिंगचे लांब कॉर्ड लावले की त्याला त्या कॉर्डच्या मापात थांबावं लागतं आणि त्याची सगळी गंमत जाते. शाहीर बाबासाहेब देशमुखांचा किंवा पिराजीराव सरनाईकांचा जुना पोवाडा ऐका आणि फक्त थांबण्याच्या जागा मोजा. तिथे काय घालता येईल हे तुमचं तुम्हालाच कळेल: काहीही नाही. जुन्या पोवाड्यांच्या शब्दांसाठी अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांचा 1891 चा संग्रह बघा. हा अॅकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयाला ज्याचं नाव आहे तोच. फावल्या वेळात पोवाडे जमवणारा कमिशनर पुन्हा मिळाला नाही.

एका गोष्टीत मात्र अस्सलपणाचा हट्ट सोडा. बाजीप्रभू जखमी आहेत, एकटे आहेत, अशा जवळच्या क्षणांना तुतारी-हलगी चालत नाही. ती मैदानातली वाद्यं. ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये जेम्स हॉर्नरने स्कॉटलंडच्या गोष्टीला स्कॉटिश हायलँड पाइपऐवजी आयर्लंडचा यूलिअन पाइप वापरला. त्यावर स्कॉटिश मंडळी आजही नाकं मुरडतात. पण हायलँड पाइप मैदानात ओरडणारा, यूलिअन पाइप कोपराखालच्या भात्यावर, बैठकीत वाजणारा, मऊ; लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या व्हायोलिनांत तो विरघळतो. आपल्याकडे ती जागा सुंदरीची आहे. सनईची धाकटी बहीण, सोलापूरकडे वाजवली जाते. तिचा आवाज पातळ, थोडा रडवा, आणि चेलोवर अलगद बसतो. पावनखिंडीत 1660 साली सुंदरी वाजत होती का, असं कुणी विचारलं तर सांगा की डबल बासही वाजत नव्हता.

संबळाबद्दल फार लिहीत नाही. गोंधळाचं वाद्य आहे, देवीचं आहे. निघण्यापूर्वीच्या प्रसंगात तो योग्य, मारामारीत नको. वादक गोंधळी घराण्यातला बोलवा, प्रोग्रॅमरच्या बँकेतला लूप (कॉम्प्युटरमध्ये साठवलेला, पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) वापरू नका. तो लूप मी आतापर्यंत चार जाहिरातींत आणि एका कुकिंग शोमध्ये ऐकलाय.

बुडापेस्टचे तीन तास. त्यात बारा-पंधरा मिनिटं पक्की पदरात पडली तरी चांगलं, म्हणून तुमची अकरा मिनिटं हाच पूर्ण दिवस समजा. वाटेतली इतर दृश्यं मुंबई किंवा चेन्नईच्या स्ट्रिंग सेक्शनकडून घ्या. शिवाय जिथे मींड आहे, करुण ओळ आहे, ती इथल्याच वादकांना द्या. तिकडे मींड लिहून समजावता येते: कुठून सुटायचं, किती उशिरा सरकायचं, कंप नको. पण समजावण्यात पंधरा मिनिटं जातात आणि मीटर चालू असतो. तिकडून भरीवपणा, हॉर्न आणि खालच्या सुरांची शिस्त घ्या, त्यात त्यांचा हात कोण धरणार. पार्ट दोनदा तपासून पाठवा. एकदा माझ्या व्हायोलाच्या पार्टमध्ये एक बार जास्त छापला गेला होता. तो शोधण्यात गेलेल्या वेळाचे पैसे माझ्या मानधनातून गेले.

पैशांवरून आठवलं. आपल्याकडे बजेट करताना व्हायोलिनवाल्याचा दर ठरलेला असतो आणि हलगीवाल्याला ‘काय द्यायचं ते बघू’ असं असतं. गावाहून रात्रभर एसटीने आलेल्या माणसाला दिवसभर बसवून, वादक जमवून देणाऱ्या मेसेंजरचा हिस्सा कापून, संध्याकाळी पाकीट. त्याचं नाव श्रेयनामावलीत ‘लोकवाद्य: कोल्हापूर ग्रुप’. तुमच्या अकरा मिनिटांची लय तो माणूस ठरवणार आहे. दर आधी ठरवा, व्हायोलिनइतकाच. नाव नीट विचारून घ्या, वडिलांच्या नावासकट, आणि टायटलचा कागद गेल्यावर एकदा स्वतः तपासा. तिथे हमखास गळतं.

आता तोफ. विशाळगडावरून इशारत होते, महाराज पोचले. बाजीप्रभूंना ती ऐकू येते. अकरा मिनिटांची सगळी धडपड या एका आवाजासाठी चाललेली आहे, आणि तो आवाज संगीताचा नाही. तोफेच्या आधी किमान दहा-बारा सेकंद सगळं काढून घ्या: हलगी, हॉर्न, बास, सगळं. तलवारीही खाली घ्यायला सांगा. पाऊस आणि श्वास ठेवा. प्रेक्षक त्या शांततेत तोफेची वाट बघायला लागला पाहिजे. तोफेचा मूळ सूर साउंड डिझायनरला तुमच्या तुतारीच्या षड्जावर बसवायला सांगा. अगदी खोल, कुणाच्या लक्षात येणार नाही इतका. लांबून येणारा, डोंगरात फिरून आलेला आवाज हवा, थिएटर हादरवणारा नको. तो अंतरावरून येतो यातच गोष्ट आहे.

मग बुडापेस्टच्या साठ माणसांना त्या जागी काय लिहायचं, असं दिग्दर्शक विचारतील, कारण पैसे त्यांनी दिलेत. त्या बारवर विराम लिहा, सगळ्या पार्टमध्ये, आणि वर लांब धरायची खूण करा. माझ्या एका स्कोअरमध्ये अशी जागा होती. टेक झाल्यावर तिकडच्या कंडक्टरने टॉकबॅकवर विचारलं, इथे काही राहून गेलंय का. नाही म्हटलं, पुढचा बार घ्या.